नामाचं ताबेदार विशेषण

मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहराला अरबीत 'अद्-दार अल-बैदा' म्हणतात. अमेरिकेच्या व्हाइट हाउसला अरबी वर्तमानपत्रं 'अल-बैत अल-अब्यद' लिहितात. अर्थ दोन्हींचा एकच : पांढरं घर. मग एकीकडे 'बैदा' आणि दुसरीकडे 'अब्यद' असं का?

कारण अरबीत घराचे हे दोन शब्द वेगवेगळ्या लिंगांचे आहेत. 'दार' स्त्रीलिंगी (आपल्या दाराशी याचा संबंध नाही), 'बैत' पुल्लिंगी. विशेषण त्याप्रमाणे रूप घेतं, आणि रंगांच्या बाबतीत तर शब्दाचा साचाच बदलतो. 'अहमर' म्हणजे तांबडा, 'हम्रा' म्हणजे तांबडी. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा या नावात हीच 'तांबडी' दडली आहे.

अरबीत आधी नाम येतं, विशेषण त्याच्या मागून. तिथले वैयाकरण विशेषणाची गणना 'ताबिअ', म्हणजे मागून चालणाऱ्या शब्दांत करतात. याच 'ताबिअ'ला फारसी प्रत्यय जोडून आलेला 'ताबेदार' मराठीत रुळला. अरबी विशेषण खरोखरच ताबेदार आहे. लिंग, वचन, विभक्ती आणि निश्चितता या 4 बाबतींत ते नामाची पाठ सोडत नाही. पहिल्या तिन्ही आपल्या ओळखीच्या : मोठा वाडा, मोठे वाडे, मोठ्या वाड्यात. चौथी मात्र मराठीत नाही, आणि अरबीची खरी गंमत तिथेच आहे.

'बैत कबीर' म्हणजे कुठलंसं एक मोठं घर. 'अल-बैत अल-कबीर' म्हणजे ते ठरावीक मोठं घर. 'अल' नामाला लागला की विशेषणालाही लागतो. आता दुसरा 'अल' काढून टाका. 'अल-बैत कबीर' : घर मोठं आहे. वर्तमानकाळात अरबीला 'आहे' लागत नाही, म्हणून एवढ्याशा अक्षरांच्या फरकाने शब्दसमूहाचं पूर्ण वाक्य होतं.

'चं-ची'चा संबंध आला की गुंता वाढतो. 'बाब अल-बैत' म्हणजे घराचं दार. या जोडीच्या मधे विशेषण शिरू शकत नाही, ते शेवटी जातं. त्यामुळे 'बाब अल-बैत अल-कबीर' यात मोठं काय, दार की घर? अभिजात उच्चारात शेवटचा स्वर ते सांगतो : 'कबीरु' असेल तर दार, 'कबीरि' असेल तर घर. पण रोजच्या छपाईत हे स्वर लिहीत नाहीत, तेव्हा संदर्भावरच भागवावं लागतं. घराऐवजी खोली, म्हणजे स्त्रीलिंगी 'गुर्फा' असती, तर 'कबीर' की 'कबीरा' यावरून लगेच उलगडलं असतं.

सर्वांत चकवणारा नियम अनेकवचनाचा. माणसं सोडून इतर कशाचंही अनेकवचन असो, विशेषण स्त्रीलिंगी एकवचनी : 'कुतुब जदीदा', नवी पुस्तकं. दुबईतल्या मराठी माणसाच्या ओळखपत्रावर छापलेल्या देशाच्या नावातही हेच दिसतं. 'अल-इमारात अल-अरबिया अल-मुत्तहिदा' यात अमिराती अनेक, पण 'अरबी' आणि 'संयुक्त' ही दोन्ही विशेषणं एकीलाच शोभावीत अशी.

फारसीच्या वाटेने मराठीत आलेल्या अरबी विशेषणांनी मात्र ही ताबेदारी सोडली. आपण गरीब मुलगा म्हणतो तसंच गरीब मुलगीही. अरबीत तिथे 'गरीबा' व्हावं लागतं, आणि अर्थही निराळा : परकी, अनोळखी. पैशाने गरीब असलेल्याला अरबी विशेषण आहे 'फकीर'. तेही मराठीत आलं, पण नाम होऊन.