सिस्टरबाईंचं झाड

लग्न होऊन २००२ साली चिखल्यात आले, तेव्हा खाणीच्या वसाहतीत आमच्या शेजारी सिस्टरबाई राहायच्या. डिसेंबरात त्यांच्याकडे नाताळचं झाड पाहिलं नि मला हसूच आलं. सिनेमातली ती उंच, टोकदार झाडं कुठे आणि हे कुठे! तेलाच्या पत्र्याच्या डब्यात निलगिरीची फांदी. ती कलू नये म्हणून मॅंगनीजचे काळे, जड दगड. त्यांची काय वाण आमच्याकडे! सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या चांदण्या आणि बर्फ म्हणून पिंजलेला कापूस.

त्याच वर्षी माझ्या सासूबाई धानाच्या लोंब्यांची जुडी घेऊन गेल्या. सणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं? बाईंनी ती फांदीलाच बांधली. तेव्हापासून जुडी दरवर्षी आमच्या घरची.

ही प्रथा मूळची जर्मनीची. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं असल्याचं चित्र आलं, आणि इंग्लंडात तिचं वेड वाढलं. आपल्याकडे समुद्रकाठी सुरूची फांदी, इकडे निलगिरीची. जिथे जे उगवतं ते.

पुढे बाईंच्या मुलानं नागपूरहून, सीताबर्डीतून प्लास्टिकचं झाड आणलं. त्याला स्वतःचे पाय होते, तरी बाईंनी ते जुन्या डब्यातच उभं केलं. प्लास्टिक म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही हं. तान्ह्या पोळ्याच्या आमच्या लाकडी नंदीलाही आता बाजारचेच गोंडे असतात.

२०२३ मध्ये सासूबाई गेल्या. वर्षभर सण नाही, म्हणून त्या नाताळला मी गेलेच नाही. संध्याकाळी बाईच दारात.

"वहिनी, सण आमचा आहे, तुम्हाला कुठे करायचाय? आईंच्या लोंब्या तेवढ्या द्या."

जुडी देताना मला रडू आवरेना.

२०२४ मध्ये बाई निवृत्त झाल्या, क्वार्टर सोडून पुण्याला मुलाकडे गेल्या. सामान बांधताना सून म्हणाली, "आई, पुण्यात काय दगड मिळत नाहीत?" बाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि तीन दगड डब्यात टाकले.

त्या नाताळला मी जुडी कुरिअरनं पाठवली. निम्मे दाणे वाटेतच गळाले म्हणे. बाईंनी फोटो पाठवला: प्लास्टिकच्या झाडाला काड्यांची जुडी आणि खाली तोच डबा. नातवानं त्याला लाल रंग फासलाय.