नव्या कंपनीचा महागडा आयईएम: कानाने काय तपासावे, कंपनीला काय विचारावे

इन-इअर मॉनिटर, म्हणजेच आयईएम, ही मुळात रंगमंचावरच्या कलाकारांची गरज होती. 1995 मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या बँडच्या ड्रमवादकासाठी कानाच्या साच्यावरून बेतलेली जोडी बनवली आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. त्याच्या चार वर्षे आधी, 1991 मध्ये, श्रवणयंत्रांच्या संशोधनातून आलेल्या एटिमोटिक रिसर्चने ईआर-4 बाजारात आणला होता. आज या दोन्ही नावांना वजन आहे, पण त्या वेळी इअरफोनच्या बाजारात दोन्ही नवखीच होती. तेव्हा नव्या कंपनीची लाखाच्या घरातली जोडी समोर आली, की केवळ नाव ऐकलेले नाही म्हणून ती बाजूला सारणे बरोबर नाही. तिच्याभोवतीच्या झगमगाटाला भुलून पैसे मोजणेही बरोबर नाही. परीक्षा घेता येते. पण त्याआधी काही समज डोक्यातून काढावे लागतात.

“किंमत जास्त म्हणजे आवाज चांगला”

येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोनांची मापे तपासली. त्यात कानावर बसणारे होते, तसे कानात जाणारेही होते. कोणत्या स्वराला किती जोर मिळतो, म्हणजे फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, आणि दुकानातली किंमत यांचा परस्परांशी संबंध त्यांना आढळला नाही. आवाजाचा तोल हाच ऐकणाऱ्याच्या पसंतीवर सर्वात मोठा प्रभाव टाकतो, हे लक्षात घेतले तर हा निष्कर्ष फार महत्त्वाचा ठरतो.

मग पैसे जातात कुठे? थोड्या संख्येने होणारे उत्पादन, हाताने केलेली जोडणी, कवचाचे साहित्य, डाव्या-उजव्या बाजूंची जुळवणी, केबल, पेटी आणि अर्थातच जाहिरात. यातल्या जुळवणीसारख्या गोष्टींसाठी जास्त मोजायला माझी हरकत नाही. पेटीसाठी आहे.

“ड्रायव्हर जितके जास्त, तितका तपशील जास्त”

हा समज सर्वात चिवट आहे, कारण संख्या मोजता येते आणि जाहिरातीत शोभून दिसते. बहुतेक महागड्या आयईएममध्ये बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे चिमुकले ड्रायव्हर असतात. चुंबकांच्या मधोमध तोललेली धातूची बारीक पट्टी विजेच्या संकेताने थरथरते आणि एका पातळ पडद्याला हलवते. ही रचना श्रवणयंत्रांतून आली. असा एकटा ड्रायव्हर खर्जापासून तारापर्यंत सगळीकडे सारख्याच ताकदीने क्वचित पोहोचतो, म्हणून खालच्या, मधल्या आणि वरच्या स्वरांची कामे वेगवेगळ्या ड्रायव्हरांना वाटून देतात. ही वाटणी नीट झाली तर फायदा होतो. पण जिथे एकाचे क्षेत्र संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते, तिथे दोघांचे आवाज एकमेकांत मिसळताना कधी एखादा पट्टा फुगतो, कधी खचतो. बारा ड्रायव्हर असलेली जोडी बनवणाऱ्याला असे सांधे काळजीने बसवावे लागतात.

उलट दिशेचे उदाहरणही समोर आहे. सेनहायझरने 2021 मध्ये आणलेल्या आयई 900 ची किंमत सुमारे 1,300 डॉलर होती आणि तिच्या प्रत्येक बाजूला फक्त एकच, 7 मिलिमीटरचा ड्रायव्हर आहे. ईआर-4 सुद्धा एकाच ड्रायव्हरवर चालायचा.

आणखी एक गोष्ट. बहुतेक लहान कंपन्या बॅलन्स्ड आर्मेचर स्वतः बनवत नाहीत. नोल्स किंवा सोनियन अशा मोजक्या कारखानदारांकडून विकत घेतात. त्यामुळे “आमचे ड्रायव्हर” असे म्हणणाऱ्या नव्या कंपनीचे खरे कसब नळ्या, दमनासाठीचे फिल्टर, कवचातली पोकळी आणि या सगळ्यांची जुळणी यांत असते. ते कसब आकड्यात दिसत नाही. ऐकूनच कळते.

“कानात बसला की झाले”

परीक्षेची खरी सुरुवात इथे होते आणि बहुतेकांची चूकही इथेच होते. टिप आणि कानाची नळी यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी खर्ज गळून जातो. मग ऐकणारा म्हणतो, आवाज पातळ आहे. दोष जोडीचा नसतो. सिलिकॉनच्या वेगवेगळ्या आकारांच्या टिपा आणि फोमची टिप, हे सगळे लावून पाहिल्याशिवाय मत देऊ नये. डावा आणि उजवा कान सारखेच असतात असेही नाही. दोन बाजूंना दोन आकारांच्या टिपा लागणे अगदी सामान्य आहे.

टिप किती आत जाते यानेही आवाज बदलतो, आणि हे फार कमी लोकांना माहीत असते. मोकळ्या कानाची नळी साधारण 3,000 हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपोआप उचलून धरते. नळी टिपेने बंद झाली की ही नैसर्गिक उचल जाते आणि ती आयईएमला स्वतःच्या आवाजात भरून द्यावा लागतो. शिवाय टिप आणि कानाचा पडदा यांच्यामधल्या बंद जागेत एक नवे शिखर तयार होते. ढोबळ हिशेबाने ही जागा 21 मिलिमीटर असेल तर शिखर 8,000 हर्ट्झच्या जवळ येते. 17 मिलिमीटर असेल तर 10,000 च्या आसपास. झांजेची किणकिण, गायकाचा ‘स’, व्हायोलिनच्या गजाची खरखर यांचा बराच भाग याच पट्ट्यात असतो. एकच जोडी एकाला टोचते आणि दुसऱ्याला मऊ वाटते, त्यामागे आवडीनिवडीच्या आधी कानाची मोजमापे असतात.

स्वतःचे शिखर शोधणे अवघड नाही. फोनवर टोन वाजवणारे एखादे ॲप घ्या, आवाज अगदी कमी ठेवा आणि 5,000 पासून 12,000 हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा. एखाद्या ठिकाणी स्वर एकदम बोचरा झाला, तर टिप थोडी आत-बाहेर करून पाहा. बोच सरकली, तर ती तुमच्या कानाची आहे. जागची हलली नाही, तर ती बहुधा जोडीची आहे.

“आलेख पाहिला म्हणजे ऐकायची गरज नाही”

आणि याचाच जुळा भाऊ: “आलेख निरर्थक असतात.” दोन्ही टोके चुकीची आहेत. बहुतेक आलेख आयईसी 60318-4 या प्रमाणाच्या कृत्रिम कानावर काढलेले असतात. जुन्या क्रमांकावरून जाणकार त्याला अजूनही ‘711’ म्हणतात. सरासरी प्रौढ कानाची ती नक्कल आहे. खर्ज आणि मधल्या पट्टीबद्दल हा आलेख भरवशाचा असतो. 8,000 ते 10,000 हर्ट्झच्या पुढे त्यावर विसंबू नये, कारण तिथे तुमची नळी आणि यंत्राची नळी वेगळ्या वाटेने जातात. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मनमध्ये ठरवलेली पसंतीची रेषा आलेखावर अनेकदा सोबत दिसते. अनेक श्रोत्यांना काय आवडले याची ती सरासरी आहे. तिच्यापासून थोडे दूर असणे हा गुन्हा नाही; पण कोणत्याही कारणाशिवाय 1,000 ते 3,000 हर्ट्झमध्ये मोठा खड्डा असेल, तर गाणाऱ्याचा आवाज मागे जाणार, हे आलेख आधीच सांगून ठेवतो.

“मी ऐकले, मला फरक कळला”

कळला असेलही. पण कशामुळे? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये 40 श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ऐकवले. डोळ्यांना दिसू लागताच गुण बदलले. किंमत, चमकदार कवच, वजन हे सगळे ऐकण्यात शिरते. माणूस अप्रामाणिक नसतो. मेंदू तसाच चालतो.

दुसरा सापळा आवाजाच्या पातळीचा. दोन जोड्यांपैकी किंचित मोठ्याने वाजणारी जोडी आपल्याला अधिक भरीव आणि स्पष्ट वाटते, कारण आवाज वाढला की कानाला खर्ज आणि तार तुलनेने अधिक ऐकू येतात. म्हणून तुलना करताना आधी पातळी जुळवा. गाणे लावून हे साधत नाही. सलग, स्थिर आवाज लागतो. आपल्याकडे त्यासाठी तानपुरा आहे.

माझ्या मते मराठी श्रोत्याच्या हातात इथे मोठे साधन आहे. पाश्चात्त्य पॉपचे ध्वनिमुद्रण मुळात कसे वाजायला हवे होते, हे कोणालाच नक्की ठाऊक नसते; स्टुडिओत त्याच्यावर बरेच संस्कार झालेले असतात. पण मैफलीत समोर बसून ज्याने जुळलेले तानपुरे ऐकले आहेत, त्याच्याकडे पक्के मापदंड आहेत. मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी नीट लागलेली असेल, तर खर्जाच्या तारेतून वरच्या उपस्वरांचा पट एकामागून एक उलगडतो. आयईएमचा मधला-वरचा पट्टा फुगलेला असेल तर हा पट पत्र्यासारखा झणझणतो. दबलेला असेल तर तानपुरा ओलसर, मुका होतो. तबल्यावर शाईमुळे उपस्वर मूळ स्वराच्या जवळपास पटीत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी सहकाऱ्यासह 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले होते. म्हणूनच दायाँचा स्वर इतका स्वच्छ लागतो, आणि तो स्वच्छ लागत नसेल तर कानाला लगेच खटकते. डग्ग्यावर तळहाताने दाबत चढवलेला घुमारा ऐका: चढताना मधेच एखादा टप्पा दणदणला किंवा नाहीसा झाला, तर खर्जात उंचवटा किंवा खड्डा आहे.

“मोठा ॲम्प्लिफायर नसेल तर महाग आयईएम वाया”

105 डेसिबल प्रति मिलिवॉट संवेदनशीलता असलेली जोडी घ्या. 95 डेसिबलच्या उसळीलाही तिला एका मिलिवॉटचा दहावा भाग पुरतो. शक्ती ही अडचण नसतेच. पाहायचे असते ते स्रोताचे आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला विरोध. बॅलन्स्ड आर्मेचरच्या जोडीचा विरोध स्वरागणिक बदलतो. समजा तो एका ठिकाणी 8 ओहम आणि दुसरीकडे 40 ओहम आहे. 10 ओहमच्या स्रोतावर लावल्यास या दोन ठिकाणांत सुमारे 5 डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे जोडीचा स्वभावच पालटतो. अर्ध्या ओहमच्या स्रोतावर तोच फरक अर्ध्या डेसिबलच्याही आत राहतो. कमी आउटपुट इम्पिडन्सचा आणि पार्श्वभूमीला सूं असा आवाज न करणारा साधा डाँगल इथे पुरेसा आहे.

केबल, बर्न-इन (नवी जोडी तासन्‌तास वाजवत ठेवणे) आणि खोक्यावरचा “40,000 हर्ट्झपर्यंत” हा आकडा, यांवर फार शब्द खर्चायला नकोत. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम 6 टक्क्यांच्या आसपास अधिक वीजवाहक आहे. केबल मऊ, टिकाऊ आणि बदलता येण्याजोगी असली की झाले. शंभर तास वाजवल्यावर आवाज “खुलला” असे वाटते, तेव्हा बहुतेक वेळा सरावलेला असतो तो आपला कान. शिवाय तोवर टिपाही नीट बसू लागलेल्या असतात. आणि तरुण, निरोगी कानही 20,000 हर्ट्झच्या पुढे ऐकत नाही.

“आवाज आवडला, मग कंपनी नवी असली म्हणून काय बिघडले?”

आवाजापुरते काही बिघडत नाही. त्रिमितीय छपाईची कवचे, बाजारात मिळणारे ड्रायव्हर आणि आवाक्यातली मापनयंत्रे यांमुळे नव्या माणसालाही उत्तम सूर जुळवता येतो. जे ऐकून कळत नाही, तिथे जोखीम आहे. परीक्षकाच्या हाती आलेली एक जोडी उत्कृष्ट असेल. तुमची तशीच असेल का? म्हणून विचारा: डाव्या-उजव्या बाजूंतला फरक किती डेसिबलच्या आत ठेवता, आणि माझ्या जोडीचे मोजमाप सोबत देता का? घरी आल्यावर मोनो ध्वनिमुद्रण लावा. गायक डोक्याच्या बरोबर मध्ये उभा राहिला पाहिजे, आणि स्वर बदलला तरी सरकता कामा नये. नळीच्या तोंडावरची जाळी मळाने बुजली तर ती बदलून मिळते का? केबलचा सांधा दोन पिनांचा प्रमाण मापाचा आहे, की दुसरी केबल कुठेच मिळणार नाही असा? एक बाजू बंद पडली तर दुरुस्ती भारतात होते, की परदेशी पाठवावी लागते, आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा? हमी लेखी आहे का?

या प्रश्नांना सरळ, आकड्यांसह उत्तर देणारी नवी कंपनी मला टाळाटाळ करणाऱ्या जुन्या कंपनीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते. उत्तर मिळाले नाही, तर घरी ऐकून परत करण्याची सोय असल्याशिवाय लाखभर रुपये देऊ नका.