‘पोरगी नाव काढणार’ म्हणून झालं, पुढं काय?



आज हप्त्याचा, कर्जाचा, बँकेच्या कागदांचा विषय नाही. आज टेनिसबद्दल बोलायचंय. ‘हे काय नवीन’ म्हणून आवाज बारीक करू नका. ज्वारी निवडता निवडता ऐका. बोलणं फिरून आपल्याच दारात येणार आहे.

टेनिस आपण टीव्हीवर पाहिलेलं असतं. मधे जाळी, दोन्हीकडे खेळाडू, हातात रॅकेट. एकीसमोर एक खेळली तर एकेरी, दोघींसमोर दोघी खेळल्या तर दुहेरी. जगातल्या खेळाडूंची एक क्रमवारी असते. स्पर्धेत मिळालेले गुण ५२ आठवडे खात्यावर राहतात, नंतर उतरतात. म्हणजे मागच्या वर्षीच्या जिंकण्यावर यंदाचा नंबर टिकत नाही. आपल्या गटाचं तरी वेगळं काय आहे? तीन वर्षांपूर्वी परतफेड चांगली होती म्हणून बँक आज कर्ज देत नाही, आजचं रजिस्टर मागते.

आता जवळचं सांगते. परंड्याहून आपण बाजाराला, दवाखान्याला बार्शीला जातो. त्या बार्शीची एक मुलगी ऑलिम्पिकमध्ये टेनिस खेळून आलीय. तिचं नाव प्रार्थना ठोंबरे, जन्म १९९४ चा. बार्शीसारख्या गावातून निघून ती हैदराबादला सानिया मिर्झाच्या अकादमीत सरावाला गेली. २०१४ साली दक्षिण कोरियात इंचॉनला आशियाई स्पर्धा झाल्या. तिथं महिला दुहेरीत सानियाच्या जोडीला प्रार्थना उभी राहिली आणि दोघींनी कांस्यपदक आणलं. तेव्हा प्रार्थना वीस वर्षांची होती. पुढं २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्येही हीच जोडी खेळली.

कौतुक कुणाचं आणि कसलं, हा आजचा मुद्दा इथंच आहे. ‘पोरगी लई पुढं जाणार’ असं गावानं म्हणणं वेगळं आणि सानियासारख्या खेळाडूनं आपल्या शेजारी उभं करणं वेगळं. दुहेरीत जोडीदारीण चुकली की गुण दोघींचा जातो. म्हणून जी बरोबर खेळते, ती नुसतं तोंडानं कौतुक करत नाही. स्वतःची हारजीत तिच्या हातात देते. गटात आपण एकमेकींना जामीन राहतो ना, तसंच हे. जामीन राहणारीचा शब्द आणि पारावर बसून बोलणाऱ्याचा शब्द सारखा कसा असेल?

रिओमध्ये ही जोडी पहिल्याच फेरीत हरली. चीनच्या जोडीनं त्यांना तीन सेटपर्यंत झुंजवून हरवलं. पदक आलं नाही. पण प्रार्थनानं खेळ सोडला नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्याजवळ बालेवाडीला बिली जीन किंग चषकाचे सामने झाले. बायकांच्या टेनिसमधली ही देशादेशांची स्पर्धा. त्या भारतीय संघात तिशीला आलेली प्रार्थना होतीच.

आता सानियाचंच बघा. २००५ साली हैदराबादला तिनं पहिली मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. सगळ्यांनी भाकितं केली ती एकेरीची. एकेरीत ती २००७ साली जगात २७ व्या नंबरपर्यंत गेलीसुद्धा. पण मनगटाच्या दुखण्यानं वाट अडवली. मग तिनं दुहेरीवर जोर दिला आणि २०१५ मध्ये दुहेरीत जगातली पहिल्या नंबरची खेळाडू झाली. ‘ही मोठी होणार’ हे भाकीत खरं ठरलं, पण ज्या रस्त्यानं लोकांनी सांगितलं होतं त्या रस्त्यानं नाही. मधल्या वर्षांत तिनं लोकांच्या भाकितावर बोट ठेवून स्वतःला अपयशी मानलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

ताजं उदाहरण कोइंबतूरच्या माया राजेश्वरन रेवतीचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या स्पर्धेत ही पंधरा वर्षांची पोर पात्रता फेरीपासून खेळत उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिच्यापेक्षा वयानं आणि अनुभवानं मोठ्या खेळाडूंना तिनं हरवलं. लगेच ‘पुढची सानिया’ हे शब्द निघाले. बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण पंधराव्या वर्षी डोक्यावर दुसरीच्या नावाची घागर ठेवली, तर पोरीनं चालायचं कसं?

मग कौतुक करूच नये का? करावं. कसं करावं, ते एका सामन्यातून सांगते.

अमेरिकेची कोको गॉफ. २०१९ साली, पंधराव्या वर्षी तिनं विम्बल्डनला व्हीनस विल्यम्सला हरवलं. व्हीनस म्हणजे ती स्पर्धा पाच वेळा जिंकलेली बाई. हरल्यावर व्हीनसनंच सांगितलं की या मुलीला आभाळाचीच काय ती हद्द आहे. जगभर कोकोचं नाव झालं. दोन महिन्यांनी अमेरिकन ओपनमध्ये तिची गाठ नाओमी ओसाकाशी पडली. नाओमी तेव्हा जगात पहिल्या नंबरवर होती. तिनं कोकोला ६-३, ६-० असं हरवलं. दुसऱ्या सेटमध्ये पोरीला एक गेमसुद्धा मिळाला नाही. कोको रडत होती. मैदानावरची मुलाखत जिंकणारीची असते. पण नाओमीनं तिला थांबवलं आणि ‘माझ्याबरोबर तूही बोल’ म्हणाली. मग कोकोच्या आईवडिलांकडं वळून तिनं त्यांचं कौतुक केलं. आपण दोघी लहानपणी एकाच ठिकाणी सराव करायचो, तुम्ही पोरीला किती कष्टानं घडवलंत, हे तिनं भरल्या मैदानात सांगितलं.

पुढं २०२२ मध्ये कोको फ्रेंच ओपनची अंतिम फेरी हरली. २०२३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, तिनं अमेरिकन ओपन जिंकली. आभाळाच्या भाकितापासून त्या चषकापर्यंत चार वर्षं गेली. मला वाटतं, त्या चार वर्षांत व्हीनसच्या शब्दापेक्षा नाओमीचा शब्द जास्त कामाला आला असेल. कारण तो हरलेल्या दिवशी मिळाला होता.

आता आपल्या दारात येते. आमच्या तालुक्यातल्या एका गटातली ताई. तिची मुलगी पळते, पंधराशे मीटर. मागच्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली. चौकात बोर्ड लागला, हार झाले, ‘हिला आता कुणी धरत नाही’ म्हणून झालं. ताईनं गटातून ५,००० रुपये अंतर्गत कर्ज घेतलं, बूट घेतले, लातूरला विभागाच्या स्पर्धेला नेलं. तिथं मुलगी पाचवी आली. बोर्ड उतरायच्या आत बोलणी फिरली. ‘बघितलं का, कर्ज काढून पोरी पळवायला निघाली.’ दोन ठिकाणांहून स्थळंही आली. मुलीनं सकाळचं पळणं बंद केलं. ताई बैठकीत हप्ता भरायची आणि मान खाली घालून बसायची.

मी दोन-तीनदा समजावलं, पण खरं सांगायचं तर माझ्या बोलण्याचा उपयोग झाला नाही. मी आयुष्यात कधी शर्यत पळले नाही. उपयोग झाला तो शेजारच्या गावच्या एका मुलीचा. ती जिल्ह्यात हिच्याच मागं दुसरी आली होती. ती घरी आली, चहा प्याली आणि म्हणाली, “तू पहिल्या दोन फेऱ्यांतच सगळा दम घालवतीस. माझ्याशी चाललं, लातूरला नाही चालायचं. पण चढाला तू कशी पळतीस ते मी मागून बघितलंय. मला नाही जमत तसं.” एवढंच. पदकाचं, पोलीस भरतीचं भाकीत काही नाही. दुसऱ्या आठवड्यापासून दोघी मिळून पळायला लागल्या. पहाटे अंधार असतो म्हणून ताई बॅटरी घेऊन बरोबर जाते.

पुढच्या बैठकीत ताईनं पुन्हा कर्ज मागितलं. दोघी-तिघी कुरकुरल्या. मग आमच्यातली सगळ्यांत वयस्क बाई म्हणाली, “म्हस आटली तर दुसऱ्या वेताची वाट बघतो की आपण. पोरीला एकाच शर्यतीत जोखायचं?” ठराव झाला.

यंदा ती मुलगी कितवी येईल, मला माहीत नाही आणि मी भाकीत करणार नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या सारिका काळेनं खो-खोत भारताचं कर्णधारपद केलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. असं नाव प्रत्येकीचं होत नाही. पण प्रत्येकीला पळायला वाट तरी मिळावी.

म्हणून पुढच्या बैठकीला एक करा. गावात खेळणारी जी मुलगी असेल, तिला बोलवा. ‘नाव काढशील’ म्हणू नका. तिच्यात काय बघितलं ते नेमकं सांगा. तिच्याबरोबर खेळणाऱ्या मुलीलाही बोलवा, कारण तिचा शब्द आपल्यापेक्षा मोलाचा आहे. आणि ती हरून येईल त्या दिवशी एसटी स्टँडवर घ्यायला जा. जिंकून येते तेव्हा गाव जातंच.