मंगळावर उतरताना वर पाहणारे कॅमेरे

उष्णतारोधक कवच यानापासून सुटून मंगळाच्या तांबूस जमिनीकडे पडू लागतं. चित्रफीत थांबवून नीट पाहिलं, तर कवचाला दूर ढकलणाऱ्या नऊ स्प्रिंगांपैकी एक जागची निखळलेली दिसते. त्यानं धोका काही झाला नाही. पण कॅमेरे नसते तर ही गोष्ट पृथ्वीवर कुणाला कळलीच नसती.

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हरन्स रोव्हरच्या यानावर हे कॅमेरे खास उतरण्याचा प्रवास टिपायला बसवले होते. तीन पॅराशूटकडे पाहणारे, एक रोव्हरला दोरांवर खाली सोडणाऱ्या ‘स्काय क्रेन’वरून खाली पाहणारा आणि रोव्हरवरचे दोन, एक वर आणि एक खाली रोखलेला. सगळे बाजारात तयार मिळणारे! एरवी नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत एकेक सुटा भाग तावूनसुलाखून घेतात. यांना मात्र अट एवढीच, की बंद पडलात तरी चालेल, पण उतरण्यात व्यत्यय आणायचा नाही. जमीन ओळखून यानाला वाट दाखवणारा कॅमेरा वेगळाच होता. बंद पडण्याची ही मुभा होती, म्हणूनच हे स्वस्तातले कॅमेरे मंगळापर्यंत जाऊ शकले, आणि मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

पॅराशूटचा प्रसंग तर पुन्हापुन्हा पाहावा असा. वेग अजून ध्वनीच्या पावणेदोन पट असताना साडेएकवीस मीटर व्यासाचं पॅराशूट नळीतून भिरकावलं जातं. त्या दणक्यासरशी पॅराशूटकडे पाहणाऱ्या तीन कॅमेऱ्यांपैकी एक बंद पडला. उरलेल्यांनी सेकंदाला ७५ चित्रं टिपली: गाठोडं सुटतं, दोऱ्या ताणल्या जातात आणि सेकंद पुरा व्हायच्या आत नारिंगी-पांढरा घुमट टच्च फुगतो. याआधी मंगळावर पॅराशूट कसं उघडलं, हे यानाला बसलेल्या हिसक्यावरून ताडावं लागे. कापडाचे पट्टेही मुद्दाम असमान ठेवले होते, म्हणजे घुमट कुठे कसा वळला हे समजावं. त्याच पट्ट्यांत अभियंते इअन क्लार्क यांनी जेपीएलचं बोधवाक्य सांकेतिक आकड्यांत गुंफलं होतं.

पॅराशूट सुटल्यानंतर आठ इंजिनांची ‘स्काय क्रेन’ वेग कमी करते आणि नायलॉनच्या तीन दोरांवर रोव्हरला खाली सोडते. इथे एकाच क्षणाची दोन चित्रं मिळतात. वरून दिसणारा लोंबता रोव्हर आणि रोव्हरला डोक्यावर दिसणारी क्रेन. तेवीस हजारांहून अधिक चित्रं पृथ्वीवर आली. त्यांतल्या शेवटच्या काही सेकंदांवर माझी नजर खिळते. इंजिनांच्या झोतानं धूळ केव्हा उठू लागते, कुठल्या दिशेनं पसरते, जमीन कधी दिसेनाशी होते, हे सगळं त्यांत आहे. याहून कितीतरी अवजड यानं, पुढे माणसं, तिथे उतरवायची तर अभियंत्यांना आधी याच धुळीचं गणित बसवावं लागणार आहे.