येजो! वऱ्हाडातली छोटी गावं कानांनी फिरताना

ज्यांना हा एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ऑफिसात हेडफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना जे दोन-दोनदा सांगितलं ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

सुरुवात एका फोनपासून करतो. मी दर्यापूरकडचा. बीटेक अमरावतीला केलं, नोकरी पुण्यात. पहिल्याच आठवड्यात एका मीटिंगमध्ये माझ्या तोंडून "मले वाटते" असं गेलं आणि सगळे हसले. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्या दिवसापासून मी बोलण्याआधी मनातल्या मनात तपासायला लागलो. 'मले'चं 'मला' झालं, 'काऊन'चं 'का' झालं. दोन वर्षांत इतकी सवय झाली की आजीशीही तसंच बोलायला लागलो. एका रविवारी ती म्हणाली, "पाहुण्यावानी बोलून राह्यला बावा तू." आणि फोन आईकडे दिला.

ते डोक्यात असतानाच बसमध्ये अमेरिकेतल्या केजन लोकांबद्दल एक पॉडकास्ट ऐकलं. हे मूळचे फ्रेंच बोलणारे लोक. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना आजच्या कॅनडातल्या त्यांच्या प्रदेशातून हाकललं, आणि त्यांच्यातले बरेच जण पुढे लुइझियानात येऊन राहिले. १९२१ मध्ये त्या राज्याच्या घटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठेवली. फ्रेंच बोलणाऱ्या पोरांना शाळेत शिक्षा व्हायची. मग त्या पोरांनी मोठं झाल्यावर आपल्या लेकरांशी घरीसुद्धा इंग्रजीच ठेवली. १९६८ मध्ये राज्याने फ्रेंच टिकवायला संस्था काढली, तोवर बऱ्याच घरांत आजी आणि नातवाची भाषा वेगळी झाली होती.

आपल्याकडे असा कायदा कोणी केला नाही. तरी माझ्या घरात तेच सुरू झालं होतं. म्हणून दिवाळीनंतर तीन दिवस जास्तीची सुट्टी काढली आणि आपलाच भाग एसटीने फिरलो.

पहिला टप्पा: मूर्तिजापूर

आधी एक प्रश्न. वऱ्हाडात एवढी छोटी-छोटी बाजारगावं का आहेत? उत्तर आहे कापूस. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि सगळ्यांचं लक्ष आपल्या काळ्या मातीकडे वळलं. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली. मग जिनिंग, बाजारपेठ, धर्मशाळा असं एकेक गाव उभं राहिलं.

याच कापसासाठी मूर्तिजापूरहून दोन बाजूंना अडीच फुटी रुळांची छोटी गाडी निघाली: एक यवतमाळला, एक अचलपूरला. हीच आपली शकुंतला. रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तरी या मार्गाची मालकी किलिक निक्सन या कंपनीकडेच राहिली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता गाडी बंद आहे. पण दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर असा तिचाच रस्ता एसटीने धरला, तर एका दिवसात वऱ्हाडी बोलीचा चांगला वर्ग होतो.

दुसरा टप्पा: बाजारात कान उघडे ठेवा

आठवडी बाजाराच्या दिवशी जा. भाजीवाल्या मावशीकडे सांबार मागा, ती कोथिंबीर देईल. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टमाटे, वावर म्हणजे शेत, पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. शब्द लगेच कळतात. खरी गंमत व्याकरणात आहे. मी इंजिनिअर माणूस, वहीत नियम काढत बसलो. हे बघा:

एक. 'ला'चं 'ले' होते: मले, तुले, आईले.

दोन. 'ळ'चा 'य' होतो: डोळा डोया होतो, शाळा शाया होते, आभाळ आभाय होतं. आणि 'ण'चा 'न': पानी, कोन.

तीन. चालू असलेलं काम 'राहणे' लावून सांगतात. "मी जेवून राह्यलो" म्हणजे मी जेवतोय.

चार. यावर शहरात सगळ्यात जास्त हसतात: "तो जाते". पण नीट बघा. वऱ्हाडीत 'तो जाते' आणि 'ती जाते' सारखंच. आजीही "मी जातो" म्हणते आणि मीही "मी जातो" म्हणतो. म्हणजे इथे क्रियापद बाई-माणूस बघतच नाही. याला बग म्हणता येत नाही, नियम आहे तो, आणि सगळीकडे सारखा लागतो.

पाच. हा माझा आवडता. "ये" म्हणजे आत्ता ये. "येजो" म्हणजे पुढे कधीतरी, सवडीने ये. "पोचल्यावर फोन करजो." "भूक लागली की जेवजो." हुकूम आणि आठवण यांतला फरक एका 'जो'मध्ये बसवलाय. प्रमाण मराठीत त्यासाठी वेगळं रूप नाही, आवाजात माया आणावी लागते.

तिसरा टप्पा: रिद्धपूर

अचलपूर-परतवाड्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी चांदूर बाजारच्या वाटेने रिद्धपूरला गेलो. मोर्शी तालुक्यातलं हे छोटंसं गाव. गल्ल्यांतून महानुभाव पंथाची स्थानं, काळ्या कपड्यांतले भिक्षू, संथ दुपार. पण मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा यावं असं गाव आहे.

तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू राहायचे. त्यांचे शिष्य चक्रधरस्वामी. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा करून 'लीळाचरित्र' लिहिलं, ते इथेच, १२७८ च्या सुमारास. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून तो ओळखला जातो. धवळे रचणारी महदंबा, मराठीतली पहिली कवयित्री, तीही याच मंडळींतली. म्हणून तर मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला आलं.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. चक्रधरांच्या नंतर नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख होते. केशिराज नावाचा त्यांचा विद्वान शिष्य संस्कृतात ग्रंथ लिहायला निघाला. त्या काळी विद्वानाची इज्जत संस्कृतातच होती. नागदेवाचार्यांनी त्याला थांबवलं. कारण काय दिलं? संस्कृतात लिहिशील तर माझ्या म्हाताऱ्या बायांना कळायचं नाही, त्या नाडल्या जातील.

मी देवळाच्या पायरीवर बसून हे दोनदा मनात घोळवलं. साडेसातशे वर्षांपूर्वी याच भागात एका माणसाने म्हाताऱ्यांना समजावं म्हणून भाषा निवडली. आणि मी मीटिंगमध्ये कोणी हसू नये म्हणून निवडली, ती आजीशी बोलतानाही वापरली.

कोणी म्हणेल, मग ऑफिसात वऱ्हाडी बोलणार का? नाही. प्रमाण मराठी लागते, इंग्रजीही लागते. आपण जावा आणि पायथन दोन्ही लिहितो, एक आली म्हणून दुसरी विसरत नाही. गाडगेबाबा शेंडगावचे, वऱ्हाडी माणूस. त्यांचं कीर्तन साध्या बोलीतलं, तरी मुंबईतही लोक तासन् तास बसून ऐकायचे. उद्धव शेळक्यांच्या 'धग' कादंबरीतली माणसं वऱ्हाडीत बोलतात, आणि ती पूर्ण महाराष्ट्राने वाचली. अडचण बोलीची नाही, आपल्या संकोचाची आहे.

तुम्ही जाणार असाल तर

हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात वऱ्हाड भाजून काढते. परतवाड्याजवळ बहिरमची यात्रा डिसेंबरच्या शेवटी सुरू होते आणि जानेवारीभर चालते. तिथे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले रोडगे खा. अमरावतीत गिला वडा सोडू नका. कोणाचं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारा, "नाही" म्हटलं तर फोन खिशात ठेवा. आणि सगळ्यात आधी आपल्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं दहा मिनिटांचं बोलणं जपून ठेवा. क्लाउडवर ठेवा, मोबाइल बिघडतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो. आजी ओसरीवर सांबार निवडून राह्यली होती. म्हटलं, "आजी, मले भूक लागली." तिने वर पाहिलं, काही बोलली नाही. उठून भाकर टाकायला गेली.

निघताना नेहमीसारखं म्हणाली, "येजो."

भेटू पुढच्या भागात. तुमच्या गावचा एखादा शब्द असेल तर व्हॉइस नोट पाठवजा.