घाटात गाडी का तापते?

वैभववाडीहून करूळ घाट चढून कोल्हापूरकडे येताना गाडी तापली, की रेडिएटरमध्ये पाणी ओतून पुढे जाण्याचा प्रघात आहे. त्याने वेळ निभावते, दोष तसाच राहतो. तो शोधायचा तर गाडी केव्हा तापते, हे पाहावे. चौकात उभी असताना तापते आणि वेग घेताच निवते, तर संशय पंख्यावर. महामार्गावर वेगातही तापते, तर रेडिएटर चोंदला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा पाण्याचा पंप निकामी झाला असेल. गळती न दिसता पाणी घटते आणि सायलेन्सरमधून सतत दाट पांढरा धूर येतो, तर हेड गॅस्केट तपासावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. दाबाखाली शंभर अंशांवरही न उकळलेले पाणी दाब सुटताच उसळते आणि हात-तोंड भाजते.