टाकी घरात, घंटा शाळेत

बेलापूर हे प्रवराकाठचे गाव. ऊस आणि कांदा इथल्या माणसाला नवा नाही. रात्री कुठे उसाचा फड पेटला तर लांबूनच जाळ दिसतो. कुणी ओरडते, कुणी मोटार चालू करते, कुणी पाचट ओढून आगीची वाट तोडते. ही आग आपल्याला कळते. तिच्याशी कसे वागावे हे वाडवडिलांनी शिकवले आहे.

पण गेल्या काही वर्षांत घराघरांत एक नवी आग येऊन बसली आहे. तिला जाळ नाही, धूर नाही. ती लाल टाकीत बंद असते. २०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ खेड्यांत चुलीशेजारी गॅसची शेगडी आली. बायांचे डोळे धुरातून सुटले. फार चांगले झाले. आता या टाकीची रीतभात तेवढी शिकायला हवी.

टाकीत नुसती हवा भरलेली नसते, बरे का! टाकी हलवून पाहा, आत पाण्यासारखे काही तरी डुचमळते. गॅस दाबाखाली दाबून त्याचा पातळ रस केलेला असतो. वरच्या थोड्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते आणि तीच वाफ नळीतून शेगडीला जाते. म्हणून टाकी नेहमी उभी ठेवायची. ती आडवी केली तर वाफेऐवजी रसच बाहेर येतो. एक लिटर रसाची सुमारे अडीचशे लिटर वाफ होते. म्हणजे पेलाभर गळाला तरी खोली भरायला वेळ लागत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की हा गॅस हवेपेक्षा जड आहे. धूर वर जातो, हा खाली बसतो. जमिनीवरून पाण्यासारखा पसरतो, कोपऱ्यात साचतो, उंबऱ्याआड तुंबतो, मोरीत उतरतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून बिनघोर राहू नका. दार उघडायला हवे. हवेच्या शंभर भागांत दोन भाग गॅस मिसळला की तो पेट घ्यायला तयार होतो. मग ठिणगी कसलीही चालते, देवघरातल्या निरांजनाचीसुद्धा.

या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून कारखान्यात त्यात मुद्दाम घाण वासाचे औषध घालतात. वास कसा? तर सडक्या कांद्यासारखा. आता आली का पंचाईत! आपल्या भागात कांद्याची चाळ दाराशी आणि चार पोती घरात. वास आला तर बाई म्हणणार, "कांदा सडला असेल." म्हणून आमचे सांगणे आहे, की स्वयंपाकघरात कांद्याचे पोते ठेवू नका. तिथे तसला वास आला तर तो गॅसचाच समजा.

वास आला तर विजेच्या बटनाला हात लावायचा नाही. दिवा लावायचा नाही, आणि लागलेला असला तर विझवायचाही नाही. बटन दाबले की आत बारीक ठिणगी उडते. रेग्युलेटरचा खटका बंद करा, दारेखिडक्या उघडा, पोरेबाळे अंगणात न्या. टाकीला दोरीने बांधलेले पांढरे टोपण असते, ते तोंडावर घट्ट बसवा. पुष्कळ घरांत ते टोपण तोडून पोरांना खेळायला दिलेले आम्ही पाहिले आहे. ते खेळणे नव्हे. मग घराबाहेर येऊन फोन लावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा आकडा रात्रंदिवस चालू असतो.

आता थोडे वाचू या. आपण अक्षरे शिकलो ती याचसाठी. टाकीच्या वर धरायचे गोल कडे असते. त्या कड्याला आधार देणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात. एका पट्टीच्या आतल्या अंगाला रंगाने एक इंग्रजी अक्षर आणि पुढे दोन आकडे लिहिलेले असतात. रात्रीच्या वर्गात एका बाईंनी विचारले, "हा टाकीचा नंबर आहे का?" नव्हे. ती टाकीच्या तपासणीची मुदत आहे. लोखंड झिजते, गंजते, म्हणून ठराविक वर्षांनी टाकी तपासावी लागते.

अक्षरे चारच आहेत. पहिले 'ए', ते घराच्या उतरत्या छपरासारखे दिसते, मध्ये आडवी तुळई. ते जानेवारी ते मार्चचे. दुसरे 'बी', उभी काठी आणि तिला उजवीकडे दोन पोटे. ते एप्रिल ते जूनचे. तिसरे 'सी', उजवीकडे तोंड उघडलेली चंद्रकोर. ते जुलै ते सप्टेंबरचे. चौथे 'डी', काठीला एकच मोठे पोट, ताणलेल्या धनुष्यासारखे. ते ऑक्टोबर ते डिसेंबरचे. पुढचे दोन आकडे वर्षाचे. समजा, टाकीवर 'सी' आणि २७ आहे. मग ती टाकी सप्टेंबर २०२७ च्या अखेरपर्यंत वापरात चालेल, पुढे तपासणीला गेली पाहिजे. मुदत टळलेली टाकी दारात आली तर घेऊ नका. "दुसरी आणा" असे सांगायला लाजायचे नाही. पैसे आपण मोजतो.

वजनही असेच वाचता येते. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवर लिहिलेले असते. त्यात १४.२ किलो मिळवा. तेवढे भरले पाहिजे. टाकी आणणाऱ्याजवळ काटा असतो, त्याला लावायला सांगा. नळीवर आय.एस.आय.ची खूण पाहा आणि तिला चिरा पडल्या असतील तर चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढू नका.

सरकारचे नियम आहेत तेही थोडे सांगतो. स्फोटक वस्तूंवर आणि गॅसच्या टाक्यांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचे मुख्य कार्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. २०१६ सालच्या गॅस टाक्यांच्या नियमांप्रमाणे १०० किलोपेक्षा जास्त गॅस विनापरवाना साठवता येत नाही. हिशेब करा. घरगुती सात टाक्या म्हणजे ९९.४ किलो. आठवी आली की परवाना हवा. तेव्हा एखाद्या टपरीमागे पंधरा-वीस टाक्या रचलेल्या दिसल्या आणि शेजारी लेकरे खेळत असली, तर ते चालवून घेण्यासारखे नाही. मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देणे हाही गुन्हाच. काही गाड्यांत घरगुती गॅस चोरून भरतात. आपले मूल ज्या गाडीने शाळेला जाते ती कशावर चालते, एवढे तरी आईबापांनी विचारावे.

शाळेची गोष्ट निघालीच आहे. तमिळनाडूत कुंभकोणम गावी १६ जुलै २००४ ला एका शाळेत आग लागली. सुरुवात मुलांचे जेवण शिजवायच्या जागी झाली. छप्पर झावळ्यांचे, जिना अरुंद, वर्ग मुलांनी गच्च भरलेले. ९४ मुले गेली. सगळ्या देशाच्या काळजात चर्र झाले. पुढे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १३ एप्रिल २००९ ला न्यायालयाने सर्व शाळांना आदेश दिले. स्वयंपाकाची जागा शाळेच्या मुख्य इमारतीपासून दूर आणि सुरक्षित असावी. आग विझवायची नळकांडी नजरेला पडतील अशी टांगावी. शिक्षकांना ती चालवता यावी. आगीची रंगीत तालीम नेमाने घ्यावी. आणि खेड्यातल्या शाळांसाठी तर वेगळे सांगितले आहे, की धोक्याच्या वेळी लांब घंटा देण्याची सोय करावी. एवढ्या मोठ्या न्यायालयाने खेड्यातल्या घंटेचा विचार केला, याचे आम्हाला कौतुक वाटते.

आपल्या राज्याचाही २००६ सालचा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे त्यांच्या मालकाने आगीची साधने चालू ठेवायची आणि परवाना असलेल्या माणसाकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तसा दाखला द्यायचा. कागद असला म्हणजे काम झाले असे मात्र नव्हे. आपल्याच जिल्ह्यात नगरच्या जिल्हा रुग्णालयात ६ नोव्हेंबर २०२१ ला अतिदक्षता विभाग पेटला आणि दहाहून अधिक रुग्ण दगावले. अंथरुणावरच्या माणसाला पळता येत नाही. शाळेतल्या लेकरांना पळता येते, पण कुठे पळायचे ते कुणी शिकवलेले नसते.

रंगीत तालीम म्हणजे तेच शिकवणे. लांब घंटा झाली की दप्तर, डबा, पाटी जागच्या जागी टाकायची. ढकलाढकली न करता ओळीने, जवळच्या दाराने बाहेर पडायचे. शिक्षकाने वर्ग रिकामा झालेला पाहून सगळ्यांत शेवटी निघायचे आणि हजेरीपुस्तक बरोबर घ्यायचे. मैदानात भिंतीपासून लांब, वारा पाठीमागून येईल अशा जागी उभे राहून हजेरी घ्यायची. एक नाव जरी कमी पडले तरी लगेच कळते.

ऐकायला सोपे आहे. करायला गेले की गंमत कळते. आमच्या पाहण्यात एका शाळेत पहिली तालीम चपलांपाशी अडली. मुले चपला वर्गाबाहेर काढतात. घंटा झाली, पहिली चार मुले दारात आली आणि आपापल्या चपला शोधत बसली. मागची त्यांच्यावर आदळली. कुणी हसले, कुणी रडले. मागच्या फाटकाला कुलूप होते आणि किल्ली शिपायाच्या खिशात, शिपाई बाजारात. खिचडी शिजवणाऱ्या बाईंना तर कुणी सांगितलेच नव्हते. त्या पातेले ढवळत राहिल्या. खरी आग असती तर? पुढच्या महिन्यात चपला दारापासून चार पावले दूर भिंतीकडेला ओळीने ठेवायला लावल्या, किल्ली खिळ्यावर टांगली आणि बाईंना पहिले काम दिले : शेगडी बंद, रेग्युलेटर बंद, मग मैदान. दुसऱ्या खेपेला मुले निम्म्या वेळात बाहेर आली.

हे काम एकट्या हेडमास्तरांवर टाकू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती केली आहे आणि तिच्यात शंभरात पंचाहत्तर जागा पालकांच्या आहेत. समितीच्या बैठकीत विचारा : गॅसची टाकी वर्गाला लागून आहे का? नळकांड्यावर तपासणीची तारीख कोणती? लांब घंटा मागे कधी वाजली? आता आपल्याला वाचता येते, तेव्हा स्वतः उठून जाऊन ती तारीख वाचून या.

एक गोष्ट राहिली. आगीसाठी १०१, कुठल्याही संकटाला ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. फोन उचलणारा माणूस आपल्या गावचा नसतो. त्याला नुसते "बेलापूरला या" म्हटले तर घोटाळा होईल. एक बेलापूर नवी मुंबईत आहे. आणि बेलापूर नावाचे रेल्वे स्टेशन आहे ते श्रीरामपूर शहरात, आपल्या गावात नव्हे. म्हणून सांगायचे ते असे : "बेलापूर गाव, तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहिल्यानगर." मग आळीचे नाव, जवळची मोठी खूण, काय पेटले आहे आणि आत कुणी अडकले आहे का ते. पलीकडच्याने "ठीक आहे" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. हा पत्ता खडूने स्वयंपाकघराच्या दारामागे लिहून ठेवा. घरातल्या लहान मुलाकडून तो दोनदा मोठ्याने वाचून घ्या.